हिरवीच्या पोटाखालची झडप

गाडीत मळमळायला लागलं म्हणून कुणी लिंबू कापून माझ्या नाकाशी धरलं की माझं डोकं सणकतं. परवाच मुलगा आणि सून मला ठाण्याला डॉक्टरकडे घेऊन चालले होते. मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, उन्हाने मला गरगरायला लागलं, आणि सुनेने पर्समधून लिंबाची फोड काढून पुढे केली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि खिडकीबाहेर भिरकावली. पोरगी एवढंसं तोंड करून बसली. मुलगा म्हणाला, "आई, अगं काय हे, तिचं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नाही. तिला ठाऊकच नाही की आमच्या घरात एके काळी लिंबू कापून धुरावर औषध करत असत, आणि त्या औषधाच्या पायी माझ्या सख्ख्या बहिणीवर काय बालंट आलं. तेव्हा एकदा हे नीट लिहून ठेवते. माझ्या भावाने उभ्या जन्मात त्यावर तोंड उघडलं नाही. आता तो उघडेल अशी आशा नाही, म्हणून मीच उघडते.

आमची खोली भिवंडीत, लूमच्या दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात. एक भिंत या शेटची, दुसरी त्या शेटची, आणि दोन्ही भिंतींतून दिवसरात्र खटाखट, खटाखट. फळीवरची पितळी भांडी त्या हादऱ्याने आपोआप सरकत कडेला यायची आणि आई रोज संध्याकाळी ती परत मागे ढकलायची. दुसऱ्या घरी बायका तिन्हीसांजेला दिवा लावतात, आमच्याकडे आधी भांडी ढकलायची आणि मग दिवा. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आठवड्यातून चार दिवस सुकट, आणि या सगळ्यावर कारखान्यातून उडून आलेली कापसाची रुई. कितीही फडकी झाका, घासागणिक एक तंतू जिभेला लागायचाच. हळू बोलणं हा प्रकार आमच्याकडे नव्हता. माया करायची तरी ओरडून आणि शिवी द्यायची तरी ओरडून. लोक मला म्हणतात, बाई, तुमचा आवाज फार चढा. त्यांनी आमच्या बोळात दोन वर्षं काढून दाखवावीत. बोळातले निम्मे लोक शिफ्ट करून करून कानाने गेलेले. ते एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचे, आणि रस्त्याच्या मधोमध आपल्याच नादात चालायचे. मागून मोटार आली, हॉर्न वाजला, तरी कुणी वळून बघायचं नाही. बघतील कसे? ऐकूच येत नव्हतं.

मोटार आमची होती, म्हणून हे सांगते. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी विलायती गाडी, हिरव्या रंगाची. मुंबईच्या कुणा म्हाताऱ्या डॉक्टरने वापरून वापरून सोडलेली. आम्ही तिला नावच हिरवी ठेवलं होतं. आबा ती भाड्याने फिरवत. पडघ्याच्या बाजाराला जाणारी माणसं, लग्नाच्या नवऱ्या, अडलेल्या बाळंतिणी, सगळं हिरवीतून. मागच्या बाजूला पाय ठेवायच्या जागी तिचा तळ गंजून गेला होता. तिथे आबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला होता आणि वर गोणपाट अंथरलं होतं. खिडक्यांच्या काचा खालीवर करायचे चार दांडे होते, त्यातले तीन तुटले. उरलेला एक ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या खणात असायचा. ज्याला काच खाली हवी त्याने ओरडायचं, मग तो दांडा हातोहात मागे यायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आबा म्हणायचे, हिरवी आपली लक्ष्मी हाय, लक्ष्मीची वेणीफणी बघू नये.

बाळूदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आबांची दृष्टी कमी झाली तशी गाडी त्याच्या हातात आली, आणि हातात आल्या दिवसापासून त्याला एकच खंत, की हिरवी मुकी आहे. बोळात एकदा एक म्हातारा विणकर तिच्या पुढच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्या दिवशी दादा घरी येऊन म्हणाला, "हिला आवाज पाहिजे. हॉर्नचा नाय, पोटातला." खरं सांगते, कारण चांगलं होतं. ते मी नाकारत नाही. पण कारण एक असतं आणि हौस दुसरी. म्हातारा आठवडाभरात विसरला गेला आणि हौस राहिली.

पडघ्याला हायवेच्या कडेला रफीकचाचा म्हणून एक फिटर होते. ट्रकवाले त्यांना मानत. मावशीकडून तांदूळ आणायला म्हणून त्या दिवशी मीही दादाबरोबर गेले होते, आणि सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. चाचांनी हिरवीखाली शिरून इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारी नळी मधेच कापली, तिथे दुसऱ्या नळीचा फाटा वेल्डिंग केला, आणि फाट्याच्या तोंडावर लोखंडी झडप बसवली. झडपेला स्प्रिंग होती लूमच्या भंगारातली. स्प्रिंगला सायकलच्या ब्रेकची वायर, आणि ती वायर वर आणून ड्रायव्हरच्या गुडघ्याशी एक काळी मूठ. मूठ आत ढकललेली असली की धूर सायलेन्सरमधून जाणार, गाडी आपली पूर्वीसारखी सोज्वळ. मूठ ओढली की झडप उघडली, सायलेन्सर राहिला बाजूला, आणि हिरवी अशी गर्जायला लागली की समोरच्या हॉटेलातले लोक चहा सोडून बाहेर आले. दादा याला कटआउट म्हणायचा. त्याचा चेहरा त्या दिवशी बारशाच्या बापासारखा झाला होता. चाचा मात्र हात पुसत म्हणाले, "बाळू, अभी काम आधा है. इसका मुँह बाहर निकालना पड़ेगा, बॉडी के बाहर तक. अभी सीधा सीट के नीचे खुलता है. सवारी को धुआँ खिलाएगा तू." दादा म्हणाला, "हाँ चाचा, अगले हफ्ते." ही दोन वाक्यं मी तांदळाच्या पिशवीवर बसून ऐकली. इतकी वर्षं झाली, त्यातला एक शब्द मी विसरलेले नाही. पुढचा आठवडा कधी आला नाही.

त्यानंतर दोन-तीन महिने आमच्या बोळात दादाची ऐट काय वर्णावी. बोळाच्या तोंडाशी मूठ ओढायचा आणि त्या आवाजाने बहिरे सुद्धा बाजूला व्हायचे, कारण तो आवाज कानाने नाही, तळपायाने कळायचा. नाक्यावर हवालदार दिसला की मूठ आत. हवालदार मागे पडला की मूठ बाहेर. पोरं पाठीमागे धावायची. लग्नवाले हिरवीच पाहिजे म्हणायला लागले. आणि त्याच सुमाराला मागच्या सीटवर बसणारी माणसं ओकायला लागली. बाया जास्त, कारण धूळ नको म्हणून काचा वर करून बसायच्या. आई म्हणायची, गाडी लागते बिचाऱ्यांना. तिने एका परडीत लिंबं आणि चिंचेचे गोळे भरून ते हिरवीत ठेवून दिले. जो उठेल तो लिंबू हुंगतोय. मी एकदा थंडीच्या दिवसांत काचा वर करून पडघ्याला गेले, आणि उतरल्यावर मावशीच्या अंगणात आडवी झाले. डोकं असं ठणकत होतं की जणू दोन्ही कारखाने त्यात चालू केलेत. परत येताना मी गोणपाट पायाने सरकवून बघितलं. पत्र्याच्या फटीतून धुराची बारीक दोरी वर येत होती.

मी दादाला सांगितलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, "तू सुकट जास्त खाल्ली असशील." तिसऱ्यांदा मी म्हटलं की रफीकचाचा काय म्हणाले ते मी आबांना सांगते. तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "कुंदे, गाडीचं नाव खराब करशील तर बघ. हिच्यावर आपण सगळे जेवतो." आबांना मी सांगितलंच. आबा चाक पुसत होते. ते म्हणाले, "बाळू बघील." आबांचं असंच. मुलगा मोठा झाला की बापाने बघायचं सोडलं.

आता ताईचं. सुमनताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि स्वभावाने अगदी उलट. लूमच्या त्या गदारोळात ती एकटी हळू बोलायची. तिचं ऐकायचं तर जवळ जाऊन बसावं लागे. तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं. आमचा काही दोष नव्हता, मुलगाच दुसऱ्या मुलीसाठी फिरला. पण लोक दोष शोधतात तो मुलीतच. मग वर्षभर कुणी दारात आलं नाही. त्यानंतर दिघाशीचं स्थळ आलं. घरची भातशेती, मुलगा शांत, नामदेव नाव. ताईला तो मनापासून आवडला होता. तिने मला कानात सांगितलं होतं की बघायला आला तेव्हा त्याने भांडी हादरताना बघून विचारलं, तुम्हाला याची सवय झाली का. एवढंच. तेवढ्यावर ती खूष होती. हे दुसरं लग्न मोडलं असतं तर तिसरं होणार नव्हतं. हे आईला माहीत होतं, ताईला होतं, आणि दादालाही चांगलं माहीत होतं.

लग्न नवऱ्याच्या दारी होतं. नवरीला न्यायला मूळ म्हणून नवऱ्याची आत्या आली, भागाबाई. हाडापेराने मोठी, तोंडात अखंड तंबाखू, आणि बोलणं असं की समोरच्याचं उत्तर तिला नकोच असायचं. आदल्या दिवशी ताईला हळद लागली होती. आमच्यात हळद लागलेलं अंग उघड्यावर नेताना जपतात. तिठा आला, पूल आला, मसणवटा आला, की बाहेरचं काही लागू नये. म्हणून नवरीच्या हातात लिंबू खोचलेला चाकू देतात. हे सगळीकडेच होतं. पण भागाबाईंनी त्यात आपली भर घातली. "मागच्या काचा पुऱ्या वर घ्या. पोरीचं अंग हळदीचं हाय." मग आईचं एक जुनं लुगडं मागवलं आणि पुढच्या सीटच्या मागे पडद्यासारखं बांधलं, का तर गावात शिरताना पुढच्या काचेतून नवऱ्याच्या नजरेला नवरी पडू नये. मागे ताई मधोमध, बरोबर त्या पत्र्यावर पाय ठेवून. पाठराखीण म्हणून मी उजव्या खिडकीशी. माझ्या खिडकीची काच दोन बोटं खाली अडकलेली होती, ती कधीच पुरी वर जात नसे. भागाबाई पुढे, दादाच्या शेजारी, आणि त्यांची काच मात्र खाली, कारण तंबाखू थुंकायची होती. आई, आबा आणि वऱ्हाड मागून टेम्पोने येणार होते.

निघायच्या आधी मी दादाला बाजूला घेतलं. म्हटलं, आजच्या दिवस मूठ ओढू नकोस, काचा बंद आहेत. तो म्हणाला, "बरं बाई, नाय ओढत." हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे लोक म्हणायचे की पोराला कळलं नसेल. त्याला कळलं होतं. त्याने कबूल केलं होतं.

बोळाच्या तोंडाशीच त्याने सवयीने मूठ ओढली. मला वाटलं, बाहेर पडल्यावर आत ढकलेल. पण भागाबाईंना तो आवाज भारी आवडला. "असाच वाजव रं पोरा," त्या म्हणाल्या, "तिठ्यावरची भुतं पण पळतील." झालं. पाहुणीचा हुकूम आणि दादाची हौस एका जागी आली. हिरवी दिघाशीपर्यंत गर्जत गेली. मी लुगड्यामागून ओरडले, दादा, मूठ आत घे. ऐकू कसं जाणार? काचेचा दांडा पुढे खणात. मी लुगडं बाजूला सारायला हात घातला तर भागाबाईंनी मागे न बघता माझा हात ढकलून दिला. मी लुगड्याआडून दादाच्या पाठीवर बुक्क्या मारल्या. त्याला वाटलं मी खुशीत आहे, त्याने हात वर करून दाद दिली. मी दोन बोटांच्या फटीला नाक लावून बसले आणि ताईला ओढून म्हटलं, इकडे ये, इथे तोंड लाव. तिच्या मुंडावळ्या, तिचा शालू, हातात तो चाकू. ती म्हणाली, "राहू दे ग, केस विसकटतील." थोड्या वेळाने ती म्हणाली, डोकं दुखतंय. मग काही म्हणालीच नाही. मातीच्या रस्त्याला लागलो तोवर तिची मान माझ्या खांद्यावर पडली होती.

मांडवाच्या दारात गाडी थांबली. सनई, ताशा, ओवाळायला पंचारत्या घेऊन उभ्या असलेल्या बायका. मी दार उघडलं आणि ओकले. ताईला उतरवायला दोघी पुढे आल्या, तर ती त्यांच्या हातातून खाली घसरली, शालूवर ओकली, आणि अंगणात पडली. वाजंत्री थांबली. आधी कुणीतरी पाणी मारलं, मग कुणीतरी कांदा फोडला, आणि मग, अर्थातच, लिंबू आलं. आणि ते लिंबू तिच्या नाकाशी धरता धरताच एक बाई म्हणाली, "फिट येतंय वाटतं पोरीला." दुसरी तिच्याहून हळू म्हणाली, "ओकतेय बग. पोटुशी न्हाय ना?" ते हळू म्हणणं सगळ्या मांडवाने ऐकलं. नवऱ्याचा बाप उठून उभा राहिला. तो म्हणाला, "भिवंडीवाल्यांनी रोगी पोर आमच्या गळ्यात मारली. म्हणूनच पहिलं लग्न मोडलं व्हतं."

तेवढ्यात टेम्पो आला. आबा, आई उतरले. आई ताईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी अंगणात उभी राहून माझ्या त्या चढ्या आवाजात सांगितलं की तिला काही झालेलं नाही, गाडीचा धूर आत येतो, मीही ओकले आहे, आणि दादाला माहीत आहे. सगळे दादाकडे वळले. तो हिरवीला टेकून उभा होता. मी म्हटलं, दादा, सांग. रफीकचाचा काय म्हणाले ते सांग. त्याने खिशातून रुमाल काढला आणि मानेवरचा घाम पुसला. म्हणाला, "गाडीत काय नाय. पोरीने सकाळपासून खाल्लं नसंल काही." एवढं म्हणून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती आजतागायत. लग्नाचा सगळा हंगाम पुढे होता, हिरवीला बोलावणी होती, आणि नवऱ्या बेशुद्ध करणारी गाडी कोण बोलावणार? त्याच्यासमोर दोन नावं होती, गाडीचं आणि ताईचं, आणि त्याने गाडीचं वाचवलं. आज तो माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. भाऊबीजेला मी ओवाळते, तो ताटात पाकीट ठेवतो, आम्ही गुडघेदुखीवर बोलतो. लोक म्हणतात, म्हातारा झाला, विसर आता. मी का विसरू? ताई अंगणात मातीत पडली होती आणि तो रुमालाने मान पुसत होता.

नवऱ्याचा बाप म्हणाला, परत न्या. भटजी म्हणाले, मुहूर्त टळला तसाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी सरळ भागाबाईंसमोर जाऊन उभी राहिले. सोळा वर्षांची होते. म्हटलं, "आत्याबाई, तुमच्यात कसला रोग हाय?"

त्या म्हणाल्या, "काय बोलतेस ग? बैलासारखी हाय मी."

"मग मागं बसा. जिथं ताई बसली व्हती तिथं. काचा वर, लुगडं खाली, मूठ बाहेर. दिघाशीला यायला लागला तेवढा वेळ बसा. तुम्हाला काय झालं न्हाय तर मी माझ्या बहिणीला चालत भिवंडीला नेते आणि पुन्हा तोंड दाखवत न्हाय."

मांडवात हसू पिकलं. पुरुष म्हणाले, पोरीला आवरा. पण भागाबाईंनी तंबाखू थुंकली. त्या बाईबद्दल मी काहीही म्हणेन, पण तिचं एक कबूल करते. आव्हान दिलं तर मागे हटणारी ती नव्हती. "तू पण बस माझ्या संगं," त्या म्हणाल्या, "मग कळंल कोण नाटक करतंय ते." मी म्हटलं, बसते. आई ओरडली, कुंदे, नको. मी दार उघडलं. दादाला म्हटलं, चालव इंजिन.

आणि इथे मला वाटलं होतं की तो बोलेल. एवढं तर बोलेल. एक बहीण मातीत पडलेली, दुसरी तिच्याच जागी पुन्हा जाऊन बसते आहे, आणि परकी बाई पाहुणी म्हणून आलेली. एक शब्द पुरे होता. त्याने किल्ली फिरवली, मूठ ओढली, आणि आपली काच खाली करून बाहेर बघत बसला.

माझी बाजू आत्याबाईंनीच त्यांच्या पदराचा बोळा कोंबून बंद केली, न्याय म्हणजे न्याय. बाहेर सगळा गाव गोल करून उभा. आत नुसती घरघर, आणि पायाखालचा पत्रा तापत चाललेला. आधी आत्याबाई माझ्या कुळाचा उद्धार करत होत्या. मग त्यांनी कपाळाला हात लावला. मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्याही डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण मी आतून दाताखाली ओठ धरून बसले होते की मी आधी पडायचं नाही. त्यांनी काच खाली करायला दांडा चाचपला. दांडा नव्हताच. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदा भीती होती.

दार उघडलं ते आबांनी. पुढचं दार. दादाच्या मांडीवरून हात घालून त्यांनी मूठ आत ढकलली, किल्ली काढली, आणि किल्ली धरलेल्या हाताने दादाच्या थोबाडीत मारली. मग मागचं दार उघडून आम्हा दोघींना धरून बाहेर काढलं. आत्याबाई जोत्यावर बसून ओकल्या. आबांना जन्मात चारचौघांत बोलता आलं नव्हतं. ते हात जोडून नवऱ्याच्या बापासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरीत काय न्हाय. गाडीत हाय. हिनं मला सांगितलं व्हतं, मी बघितलं न्हाय. माझी चूक हाय." नवऱ्याचा बाप काही बोलायच्या आत भागाबाईंनी तोंड पुसलं आणि जोत्यावरूनच म्हणाल्या, "पोरगी निरोगी हाय. तिच्याजागी मी असते तर मेले असते. लग्न लागंल." त्या घरात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. नामदेव, म्हणजे आमचे भावोजी, तोवर बाशिंग काढून ताईजवळ जाऊन बसले होते. नवरीचं तोंड बघायचं नाही, अंतरपाट नाही, काही नाही. ते तिला आपल्या शेल्याने वारा घालत होते.

ताईला उलट्या होऊन होऊन शुद्ध आली. तिला झाडाखाली बाज टाकून निजवलं, पेज पाजली. दुपारभर ती डोळे मिटून पडून होती. मला वाटलं झोपली आहे, म्हणून आई आणि मी तिच्या उशाशी सगळं बोललो. दादा काय म्हणाला, काय नाही म्हणाला, सगळं. तिने डोळे उघडले नाहीत, पण तिच्या पापण्यांतून पाणी कानाकडे जात होतं.

भटजींनी गोरज मुहूर्त काढला. गाई परतत होत्या, अंगणात त्यांची धूळ, आणि त्या धुळीत अक्षता पडल्या. जेवणाची भांडी निवून गेली होती, तांदळाचे वडे चामट झाले होते, पण लोक आता हसत होते. होमाजवळ कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, की बाबा रे, माझ्या बहिणीला नीट सांभाळ, तिच्या पाठीशी मी आहे. भटजींनी हाक दिली, नवरीचा भाऊ कुठाय? दादा मांडवाच्या खांबाशी उभा होता, गालावर आबांची बोटं उमटलेली. आईने त्याला पुढे ढकललं. तो दोन पावलं आला.

गाडीतून उतरल्यापासून एक शब्द न बोललेली ताई तेव्हा बोलली. हळूच, तिच्या नेहमीच्या आवाजात, पण दिघाशीला लूम नव्हते. सगळ्यांना ऐकू गेलं.

"तो नको. कुंदा पिळील."

भटजी म्हणाले, "बाई, भाऊ लागतो. सख्खा नको तर चुलत चालेल."

"माझ्यासाठी जी बोलली तीच माझा भाऊ. कुंदे, ये."

मी गेले. माझ्या परकरावर ओकारीचे डाग होते, डोकं अजून ठणकत होतं. मी भावोजींचा कान धरला आणि बघत होते दादाकडे. किती पिळला मला कळलंच नाही. भावोजी गुडघ्यावर आले, म्हणाले, "अगं, सोड, सांभाळतो तिला, सांभाळतो." मांडव हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. भावोजी होते तोवर मी दिघाशीला गेले की ते आधी कानावर हात ठेवायचे आणि मग या म्हणायचे, आणि मी दर वेळी हसायचे. पण मला पिळायचा होता तो कान माझ्यापासून चार हातांवर होता, आणि त्याचा धनी खाली मान घालून मांडवाच्या खांबाचं साल नखाने सोलत होता.